नळाचं टीडीएस ८५, तरी पार्किंगमधल्या डेमोत पाणी चॉकलेटी झालं. आरओ घ्यायचा का?

सिंहगडरोडवाला

मंडळी जरा सल्ला द्या, घरात तीन दिवस यावरून धुसफूस चालू आहे. गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आरओ, म्हणजे बारीक पडद्यातून (मेम्ब्रेन) पाणी दाबून क्षार काढणारं मशीन, विकणाऱ्या वॉटर प्युरिफायरवाल्यांचा स्टॉल लागला होता, पाणी फुकट तपासून देणार म्हटल्यावर ही गर्दी. आईपण तांब्यात आमच्या नळाचं पाणी घेऊन गेली. तिथल्या पोराने काचेचे दोन ग्लास मांडले, एकात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं, आणि दोन्हींत ते दांड्यांचं यंत्र बुडवून स्विच दाबला. मिनिटभरात आमचा ग्लास आधी हिरवट, मग तांबडा आणि शेवटी चॉकलेटी, वर फेसाळ साय धरलेली. त्याचा ग्लास जसाच्या तसा. "काकू, हे रोज पोटात जातंय." बास, एवढं एकच वाक्य बोलला तो. तेव्हापासून आई नळाच्या पाण्याचा चहासुद्धा घेत नाहीये, मी रोज ऑफिसवरून येताना वीस लिटरचा जार उचलून तिसऱ्या मजल्यावर नेतोय, लिफ्ट बंद असली की विचारूच नका.

तिची भीतीपण मला कळते. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गुलियन-बॅरे, नसांवर परिणाम होऊन हातापायांतली ताकद जाते तो आजार) साथ आली ती आमच्याच पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. ओळखीतल्या एकांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं होतं. तेव्हापासून पाणी म्हटलं की घरात सगळे टरकतात.

आता आमची परिस्थिती अशी. पाणी कॉर्पोरेशनचं, खालच्या टाकीत पडतं, तिथून गच्चीवरच्या टाकीत. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत टँकर. घरात जुना यूव्हीवाला (दिव्याच्या किरणांनी जंतू मारणारा) फिल्टर आहे, आठ वर्षं झाली, दिवा लागतो म्हणजे चालत असावा. ऑनलाइन टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतो तो) मागवला, नळाला ८५ दाखवतो. स्टॉलवाला अठरा हजार म्हणतोय, वर दरवर्षी एएमसी, म्हणजे देखभालीचं कंत्राट, साडेपाच हजार. घ्यावा का? आणि ते चॉकलेटी नक्की काय होतं?

निवृत्त_रसायन

घेऊ नका. आधी चॉकलेटीचं सांगतो, कारण हा खेळ मी गेली वीसेक वर्षं वेगवेगळ्या पार्किंगमध्ये बघत आलोय.

त्या यंत्रात दांड्यांच्या जोड्या असतात, एक लोखंडाची आणि एक ॲल्युमिनियमची. पाण्यात थोडे क्षार विरघळलेले असले की त्यातून वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडाची दांडी झिजते आणि ते लोखंड पाण्यात उतरून गंजाचा गाळ होतो. आधी हिरवट आणि मग तांबडा असं तुम्ही लिहिलंय ना, ते अगदी बरोबर, लोखंड तसाच रंग बदलतं. म्हणजे तुमच्या आईंनी जी घाण पाहिली ती तांब्यातून आलेली नव्हती, ती त्याच्याच दांडीतून आली. आरओच्या पाण्यात क्षारच जवळपास नसतात, त्यामुळे वीज वाहत नाही, दांडी झिजत नाही, पाणी स्वच्छ राहतं. यात जंतूंचा, शिशाचा, कीटकनाशकाचा काडीचाही संबंध नाही. त्यातला त्यात गंमत म्हणजे साध्या नारळपाण्यात ते यंत्र बुडवलंत तर ते तुमच्या नळापेक्षा भयंकर दिसेल, कारण त्यात क्षार कितीतरी जास्त.

पुढच्या वेळी तो आला की त्याच्याच मशीनचं पाणी घ्या, त्यात चिमूटभर मीठ टाका आणि सांगा आता दाब स्विच.

टीडीएस ८५ म्हणजे लिटरमागे ८५ मिलिग्रॅम क्षार. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात ५०० पर्यंत चांगलं धरतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. ८५ ला आरओ लावणं म्हणजे धुतलेलं पातेलं परत घासायचं.

अंधेरी_लोकल

+१. आमच्याकडे मुंबईत तर भातसा, तानसा, वैतरणाचं तलावाचं पाणी, टीडीएस त्याहून कमी येतो, तरी आमच्या मजल्यावर चारपैकी तीन घरांत आरओ आहे आणि किचनच्या मोरीत चोवीस तास ती बारीक धार चालू. २०१९ ला हरित लवादाने सांगितलेलं की ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला म्हणून, पण विकणारे विकतायत घेणारे घेतायत.

वर लिहायचं राहिलं, एवढं सगळं क्षार काढलेलं पाणी प्यायलं की हाडं ठिसूळ होतात असं ऐकलंय, तेपण बघा.

निवृत्त_रसायन

@अंधेरी_लोकल नाही हो, तिकडच्या बाजूचीपण भीती नको. नळाच्या पाण्यात सगळे क्षार मिळून ८५ मिलिग्रॅम, त्यातलं कॅल्शियम थोडंसंच. एका पेलाभर दुधात दोनशेच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. हाडं दूध, नाचणी, तीळ यावर चालतात, पाण्यावर नाही. आरओ नको याचं कारण हाडं नाहीत, कारण पैसे आणि पाणी वाया जातं हे आहे.

सेक्रेटरी_जबरदस्तीचा

पाणी वाया जातं यावर मी बोलू का, कारण आमच्या सोसायटीचं टँकरचं बिल मी भरतो. घरगुती आरओ एक लिटर चांगलं पाणी देताना साधारण तीन लिटर मोरीत सोडतो. चार माणसांच्या घरात पिणं-स्वयंपाक धरून वीस लिटर पकडा, म्हणजे साठ लिटर रोज मोरीत, महिन्याला १८०० लिटर. आमच्याकडे ९६ फ्लॅट. सगळ्यांनी लावला तर महिन्याला १,७२,८०० लिटर, म्हणजे दहा हजारवाले सतरा टँकर नुसते गटारात ओतायला विकत घ्यायचे. मी हे एजीएममध्ये फळ्यावर लिहून दाखवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढच्या महिन्यात अजून दोघांनी आरओ बसवला.

ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती नळी निदान बादलीत तरी सोडा, फरशी पुसायला, फ्लशला, कपड्याच्या पहिल्या पाण्याला चालतं. झाडांना घालणार असाल तर आधी पेन बुडवून बघा, बोअरच्या पाण्याचं ते उरलेलं इतकं खारट होतं की आमच्या मोगऱ्याने पंधरा दिवसांत माना टाकल्या.

खारपाण_वऱ्हाडी

भाऊ हो, तुमचं ८५ वाचून हसू आलं न रडूपण आलं. आमचं गाव अकोट तालुक्यात, खारपाणपट्टा म्हनतात त्याले, पूर्णा नदीच्या दोन्ही अंगाचा सारा भाग, अकोला अमरावती बुलढाणा. आमच्या हिरीच्या पाण्यात पेन बुडवला तं आकडा २१०० च्या पुढे गेला. मायनं त्या पाण्यात डाळ टाकली तं तीन शिट्ट्या जास्त घेतल्या तरी दाणा दाण्याले ओळख देत नाही. साबनाले फेस नाही. नवी सून आली की पहिले आठ दिवस तिले पोटाचा त्रास ठरलेला. किडनीचे पेशंट आमच्याकडं घरोघरी ऐकू येतात.

वाण धरणावरची चौऱ्याऐंशी खेडी योजना आहे, तिचं पाणी गोड, पन ते रोज येत नाही, आठ आठ दिवस वाट पाहा लागते. मंग मधल्या दिवसात काय कराचं, गावात आरओचा प्लांट आहे तिथून जार आनतो. आमच्यासाठी आरओ चैन नाही भाऊ, तो नसता तं आम्ही त्या हिरीवरच असतो. म्हनून सरसकट आरओ वाईट आहे असं लिहू नका. तुमच्या इथं वाईट आहे असं लिहा.

निवृत्त_रसायन

@खारपाण_वऱ्हाडी मान्य, शंभर टक्के मान्य. खारं पाणी, आणि चंद्रपूर-यवतमाळकडे काही गावांत फ्लोराइड, तिथे उकळून किंवा यूव्हीने काही होत नाही, क्षार तिथेच राहतात, उलट उकळून पाणी आटलं की क्षार अजून दाट होतात. तिथे आरओच हवा. फ्लोराइडचा आकडा टीडीएस पेनवर दिसतपण नाही, तो लॅबलाच कळतो, १.५ मिलिग्रॅमच्या वर गेला की दात आणि हाडं बिघडायला लागतात. पेन फक्त विजेवरून अंदाज करतो की किती क्षार आहेत, कुठले आहेत ते त्याला ठाऊक नसतं.

फिल्टरवाला_नाना

मी सतरा वर्षं हीच मशीनं बसवतोय आणि रिपेअर करतोय, कुठल्याच कंपनीचा माणूस नाही, त्यामुळे खरं सांगायला हरकत नाही.

एक. वर कुणाला वाटत असेल की आरओ जंतू काढत नाही तर तसं नाही, चांगली मेम्ब्रेन जंतू-व्हायरस सगळं अडवते. भानगड पुढे होते. आरओच्या आधी कार्बनचा फिल्टर असतो तो क्लोरीन खाऊन टाकतो, आणि पुढे शुद्ध पाणी त्या प्लॅस्टिकच्या टाकीत जाऊन बसतं. क्लोरीन नाही म्हणजे राखणदार नाही. मी ज्या टाक्या उघडतो ना, दहातल्या निम्म्या आतून बुळबुळीत. बोट फिरवलं की कळतं. गावाला गेलात पंधरा दिवस आणि आल्या आल्या तेच पाणी प्यायलात तर आरओ असून पोट बिघडणार. टाकी सहा महिन्यांनी सोडून धुवा, परत आल्यावर पहिलं पाणी ओतून द्या.

दोन. हे मिनरल, कॉपर, अल्कलाइन वगैरे. बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस ॲडजस्टर म्हणजे काय तर एक पिचकुली तोटी, जी कच्चं पाणी थोडं मागच्या दाराने शुद्ध पाण्यात मिसळते. म्हणजे आधी सगळे क्षार काढायचे, तीन लिटर फेकायचं आणि मग त्यातलेच थोडे परत घालायचे. अल्कलाइनबद्दल तर काय बोलू, पोटात आम्ल बसलेलंच आहे, तुमचं साडेआठ पीएचचं पाणी तिथे पोचल्या पोचल्या संपलं.

तीन. सिंहगडरोडवाले तुमच्या यूव्हीचा दिवा लागतो म्हणून चालतो असं धरू नका. त्या ट्यूबचा निळा उजेड दिसत राहतो पण जंतू मारणारी किरणं वर्षभराने कमी होत जातात, ट्यूब वर्षाला बदलायची असते. आठ वर्षं म्हणजे तुम्ही देवघरात निरांजन लावल्यासारखं ते चालवताय. आणि पाणी गढूळ असेल तर किरणं गाळाआडच्या जंतूंपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून यूव्हीच्या आधीचा कापडी फिल्टर पांढरा पाहिजे. ट्यूब, फिल्टर, गॅस्केट मिळून माझ्याकडे दीड हजाराच्या आत होतं.

पेन्शनीत_चहा

एएमसीवरून मलापण लिहायचंय. आमच्याकडे मोठ्या कंपनीचं मशीन आहे, नाव घेत नाही. आतले फिल्टर चिप लावलेले, वर्ष झालं की मशीन स्वतःच बंद पडतं, पाणी ठीक असलं तरी. बाहेरचा फिल्टर बसत नाही, आकारच वेगळा. फोन केला की "सर एएमसी एक्स्पायर झालीय". भांडून भांडून शेवटी १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, बारा दिवसांत कंपनीचा माणूस फिल्टर घेऊन दारात, आणि एएमसी न घेता नुसत्या फिल्टरचे पैसे घेतले. तेव्हा घ्यायचंच झालं तर आधी विचारा, फिल्टर बाजारात सुटा मिळतो का, बाहेरचा प्लंबर उघडू शकतो का. नाही म्हणाला तर तिथूनच नमस्कार करायचा.

बाकी आम्ही उकळलेलं पाणी माठात ओतून पितो. बुडबुडे यायला लागले की झालं असं नाही, चांगलं खळखळून मिनिटभर उकळू द्यायचं. माठाला वाळ्याची पुरचुंडी. नातवाला फ्रीजचं पाणी लागतं, तो वेगळा विषय.

सिंहगडरोडवाला

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. दोन शंका. टँकरच्या वेळचं काय? आणि जीबीएसला काय करायचं, ते तर जंतूंमुळे झालं ना?

धायरी_डॉक्टरीणबाई

मी याच भागात प्रॅक्टिस करते म्हणून लिहिते. हो, त्या साथीत बऱ्याच नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला, तो दूषित पाण्यातून आणि कच्च्या-अर्धवट शिजलेल्या चिकनमधून जातो. आधी जुलाब होतात आणि मग आठ-पंधरा दिवसांनी काही थोड्या लोकांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, पायापासून ताकद जायला लागते. राज्यात दोनशेच्या वर पेशंट झाले त्या वेळी. हे सगळं टीडीएसच्या आकड्याशी अजिबात जोडू नका. ८५ टीडीएसच्या पाण्यात जंतू असू शकतात आणि ९०० च्या पाण्यात नसू शकतात.

आणि जार आणताय म्हणालात, त्यावर एक सांगते. त्याच साथीत महापालिकेने आपल्या भागातले पाणी भरून विकणारे खाजगी प्लांट सील केले होते, त्यात आरओवालेही होते. जारवर निळं झाकण आहे म्हणून आतलं पाणी शुद्ध असं नसतं. तुम्ही मजले चढून कदाचित नळापेक्षा वाईट पाणी वर नेताय.

जंतूंसाठी मुख्य गोष्ट क्लोरीन. नळाच्या टोकाला लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन शिल्लक राहायला हवं. खेड्यात पाणी तपासणारा जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो ना, पाण्यात थेंब टाकले की पिवळं होतं, पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. ते किट सोसायटीने घेऊन ठेवावं, फार महाग नाही. टँकर आला की टाकीत सोडायच्या आधी एक बाटली भरून घ्या आणि तपासा. पिवळं नाही झालं तर क्लोरीन घातल्याशिवाय ते पाणी वर चढवू नका. आणि एच टू एस बाटली मिळते, तीत पाणी भरून दिवस-दोन दिवस ठेवायची, काळं पडलं की समजायचं मैल्याचं पाणी कुठेतरी मिसळतंय.

फिल्टरवाला_नाना

ताईंनी बरोबर सांगितलं. टँकरचं पाणी बहुतेक बोअरचं असतं, तेव्हा पेन बुडवा. आकडा तीनशे-चारशे आला तर चव मचूळ लागेल पण तेवढ्या क्षारांनी धोका नाही. हजाराच्या वर रोजच येत असेल आणि तीन-चार महिने तेच प्यायचं असेल तर मग आरओचा विचार करा, तोवर नको. एकदा भूजल विभागाच्या लॅबला नमुना द्या, नायट्रेटपण कळेल, ४५ च्या वर असलं तर लहान बाळांना ते पाणी चालत नाही.

सिंहगडरोडवाला

अपडेट देतो, कारण इथे मला मीठ घेऊन जायला सांगितलं होतं.

काल परत रविवार, परत तोच स्टॉल, तोच पोरगा, मी आईला घेऊन गेलो. त्याच्या मशीनचं पाणी ग्लासात घेतलं आणि म्हटलं यात मीठ टाकून दाखव. तो म्हणे सर मशीन खराब होतं. मी म्हटलं, भाऊ ग्लासात टाकतोय, मशीनमध्ये नाही. तो टाळत होता तेवढ्यात बी विंगच्या देशपांडे काकूंनी पर्समधून फरसाणाबरोबर आलेली मिठाची पुडी काढली आणि सरळ ओतली. स्विच दाबला. आमच्या नळापेक्षा काळंकुट्ट, अक्षरशः कोकासारखं. पाच सेकंद कुणी बोललं नाही, मग आईच म्हणाली, "अरे, हे तर तुझंच पाणी." पोरगा बिचारा कसनुसा हसला, त्याला ट्रेनिंगमध्ये जेवढं शिकवलं तेवढंच तो करत होता, त्याला खरंच माहीत नव्हतं. आईने त्याला चहा पाजला. नळाच्या पाण्याचा.

नानांच्या सांगण्यावरून यूव्हीची ट्यूब आणि फिल्टर बदलून घेतले, १३५० झाले. आतला जुना फिल्टर बाहेर काढला तर शेणाच्या गोवरीसारखा दिसत होता, फोटो टाकत नाही, कुणीतरी जेवत असेल. जार बंद केलाय.

आता खरी बोंब टाकीची निघाली. ओटी किट आणलं, खालच्या टाकीत जिथे कॉर्पोरेशनचं पाणी पडतं तिथे छान पिवळं, आणि गच्चीवरच्या टाकीतून आमच्या नळाला आलेल्या पाण्यात काहीच नाही, पांढरं. म्हणजे चोर घरातलाच. आमच्या सेक्रेटरींना विचारलं गच्चीवरची टाकी शेवटची कधी धुतली, तर ते रजिस्टर चाळत बसले. २०२२ ची दिवाळी.

सेक्रेटरी_जबरदस्तीचा

मी तुमचा सेक्रेटरी नाही हे आधी सांगतो. पण जाऊन आमचं रजिस्टर बघून आलो.

सिंहगडरोडवाला

आणि?

सेक्रेटरी_जबरदस्तीचा

टाकी धुणाऱ्याचा नंबर असेल तर मेसेज करा.